'हटाओ' कोणाचं?

मंडळी, 'गरिबी हटाओ' ही घोषणा आपल्याला एकटीच आठवते. मुळात ती एक उत्तर होती. 1971 च्या लोकसभा निवडणुकीत विरोधकांची बडी आघाडी 'इंदिरा हटाओ' म्हणत होती. इंदिराबाईंनी काय केलं? क्रियापद तसंच ठेवलं, कर्म तेवढं बदललं. निकाल आपल्याला माहीत आहे : 518 पैकी 352 जागा. बँकांचं राष्ट्रीयीकरण, तनख्यांचा वाद हेही त्यामागे होतंच. नुसत्या घोषणेनं निवडणूक जिंकली असं आपण म्हणणार नाही.

पण उसनं आणलेलं क्रियापद पुढे कोणीही उचलू शकतं. आणीबाणीत, एप्रिल 1976 मध्ये, दिल्लीत तुर्कमान गेटपाशी बुलडोझर फिरले, आणि 'गरीब हटाओ' हे वाचन लोकांना पटू लागलं. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता खरा, पण एक वेलांटी गाळायला छापखाना लागत नाही.

त्याहून नवल गाय-वासराचं. पक्ष फुटला, बैलजोडी गोठवली गेली, तेव्हा इंदिराबाईंच्या काँग्रेसला हे चिन्ह मिळालं. वसुबारसेला सवत्स धेनू पुजणाऱ्या आपल्या मुलखात याहून सोयीचं काय असणार? 'गाय-वासरू, नका विसरू' ही घोषणा तर पोरांच्याही तोंडी बसली. पुढे संजय गांधींचं प्रस्थ वाढलं आणि लोक म्हणू लागले, ही गाय म्हणजे आई आणि वासरू म्हणजे तिचा मुलगा. इथे तर काना-मात्राही बदलली नाही, बरं का.

याला 'विपर्यास' म्हणायची पद्धत आहे. आम्हाला ती मान्य नाही. विपर्यास म्हटलं की मतदार टवाळखोर ठरतो. प्रत्यक्षात तो घोषणा आपल्या अनुभवाला लावून बघत होता. कोटी तर सगळीकडे पोचली होती. तरी 1977 मध्ये काँग्रेसला उत्तर प्रदेशात 85 पैकी एकही जागा मिळाली नाही, आणि महाराष्ट्रात मात्र 48 पैकी 20 मिळाल्या. नसबंदीची सक्ती उत्तरेत जास्त जाचली होती. तिथे त्या विनोदाला दात फुटले.

1978 मध्ये पक्ष पुन्हा फुटला. गाय-वासरू गेलं, नवं चिन्ह आलं. त्याचं अधिकृत नाव 'हात'. आपल्याकडच्या मतदारानं कोणाला न विचारता त्याचा 'पंजा' केला.