चित्र बरोबर, इन्स्टॉलर भलताच

डेस्कटॉपवरच्या ओळखीच्या चित्रावर डबल-क्लिक करावे, आणि हवा तो प्रोग्राम उघडण्याऐवजी दुसऱ्याच सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर सुरू होऊन ‘सीडी घाला’ म्हणत अडून बसावा. ही तक्रार घेऊन इंदूरच्या जेल रोडवर जा किंवा सिल्व्हर मॉलमध्ये, निदान बहुधा दोनपैकी एक निघते: व्हायरस आहे, नाहीतर विंडोज बिघडली, फॉरमॅट मारू. दोन्हींत संगणकाला दोषी धरलेले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. असा शॉर्टकट बहुतेक वेळा मोडलेला नसतो. १९९९ मध्ये त्याला जे काम नेमून दिले, तेच तो इमानाने करत असतो. चूक आहे ती ज्या गृहीतावर ते काम आखले गेले त्यात. हे गृहीत मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांसाठी होते. सुटे भाग जुळवून बनवलेल्या संगणकांच्या शहरात ते कधीच खरे नव्हते.

मूळ फाइल एकीकडे ठेवून तिच्याकडे बोट दाखवणारी दुसरी फाइल ही कल्पना विंडोजची नव्हे. युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत १९८३ पासून तसे दुवे होते, आणि ॲपलने मे १९९१ मध्ये सिस्टिम ७ बरोबर ‘एलियस’ आणले. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि कोपऱ्यात वाकडा बाण असलेले छोटे चित्र घरोघरी पोचले. त्या चित्रामागे मुख्यतः पत्ता होता: अमुक ड्राइव्ह, तमुक फोल्डर, ही फाइल. पत्त्याची अडचण अशी की तिथला रहिवासी बदलला तरी पत्ता बदलत नाही. त्या काळी बहुतेक सीडींमध्ये सर्वांत वर ‘सेटअप’ याच नावाची फाइल असे. डी ड्राइव्हवरच्या ‘सेटअप’चा शॉर्टकट कुणी डेस्कटॉपवर ठेवला, तर त्या दिवशी ड्राइव्हमध्ये जी सीडी असेल तिचा इन्स्टॉलर सुरू होणार, चित्र कशाचेही असो. दुसरी हार्ड डिस्क लावली की सीडीचे अक्षर डीवरून ई होऊ शकत होते, तो गोंधळ निराळाच. आणि फाइल जागेवर नसली की विंडोज ९५ स्वतः शोधाशोध करून आकार, तारीख आणि प्रकार यांवरून सर्वांत जवळची वाटणारी फाइल सुचवत असे. घाईत ‘हो’ म्हणणाऱ्याचा शॉर्टकट तेव्हापासून कायमचा त्या दुसऱ्या फाइलकडे वळे. चुकीचा इन्स्टॉलर उघडण्याची ही पहिली पिढी. तिचे निदान सोपे होते: प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘टार्गेट’ वाचायचे.

दुसऱ्या पिढीत ते वाचताच येईनासे झाले. ऑफिस २००० बरोबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज इन्स्टॉलर’ आणला. त्यामागचे कारण रास्त होते. तोवर प्रत्येक कंपनीचा सेटअप आपापल्या पद्धतीने चाले आणि विंडोजच्या सामायिक फोल्डरात स्वतःच्या डीएलएल फायली कोंबे. एक प्रोग्राम बसवला की दुसरा बंद पडे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक उत्पादनाला आणि त्याच्या प्रत्येक घटकाला १२८ बिटांचा स्वतंत्र क्रमांक मिळाला, कोणता घटक कोणाचा याची नोंदवही ठेवली गेली, आणि शॉर्टकटमध्ये पत्त्याऐवजी हा क्रमांक भरता येऊ लागला. इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवरच्या महूचे नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले; गाव जागचे हलले नाही, पण केवळ नावावर विसंबणाऱ्या प्रत्येक कागदाला दुरुस्ती लागली. क्रमांकावर चालणाऱ्या शॉर्टकटला अशी दुरुस्ती लागू नये, हाच हेतू होता. क्लिक झाल्यावर तो थेट प्रोग्रामकडे जात नाही. आधी इन्स्टॉलरला विचारतो, इन्स्टॉलर त्या घटकांच्या खुणेच्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या नोंदी जागेवर आहेत का ते तपासतो, आणि एखादी जरी गायब असली तरी आधी दुरुस्ती सुरू करतो. म्हणून अशा शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’चा रकाना करडा असतो, त्यात बदल करता येत नाही. चित्रही वेगळ्या जागी, विंडोजमधल्या ‘इन्स्टॉलर’ नावाच्या फोल्डरात, साठवलेले असते. त्यामुळे आतली व्यवस्था कितीही बिघडली तरी बाहेरचे चित्र टवटवीतच दिसते.

दुरुस्ती समजली, पण ती भलत्याच उत्पादनाची का? इथे नोंदवही नीट वाचावी लागते. एक प्रोग्राम उघडताना दुसऱ्याने नोंदवलेला सामायिक घटक मागतो. तो घटक अर्धवट असला की इन्स्टॉलर त्याच्या मालकाला, म्हणजे दुसऱ्या उत्पादनाला, हाक मारतो. चुकून दोन उत्पादनांनी एकच घटकक्रमांक वापरला तरी तेच होते. जुनी आवृत्ती काढून नवी बसवताना जुना शॉर्टकट मागे राहिला तर तो मेलेल्या आवृत्तीच्या नावाने हाका मारत बसतो. एखाद्या घटकाची खूण विशिष्ट वापरकर्त्याच्या खात्यात ठेवलेली असली, तर मालकाच्या खात्यातून सुरळीत चालणारा प्रोग्राम ऑपरेटरच्या खात्यातून उघडताच दुरुस्तीला बसतो. हे सगळे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन नोंदींमध्ये ‘एमएसआय-इन्स्टॉलर’ या नावाखाली १००१ आणि १००४ क्रमांकांच्या नोंदी पडतात. त्यांत कोणते उत्पादन, कोणता घटक आणि बहुतेक वेळा नेमकी कोणती फाइल किंवा रजिस्ट्री-नोंद सापडली नाही ते लिहिलेले असते. व्हायरस म्हणून फॉरमॅट मारलेल्या किती संगणकांत ही ओळ न वाचलेली राहिली असेल!

आता इंदूरकडे वळू, कारण गृहीत फसते ते इथे. दुरुस्तीसाठी इन्स्टॉलरला मूळ संच लागतो: ज्या सीडीवरून किंवा सर्व्हरवरून सॉफ्टवेअर बसवले, ती जागा. कचेरीच्या नेटवर्कमध्ये ती जागा वर्षानुवर्षे तशीच राहते. दुकानात जुळवलेल्या संगणकात मात्र दुकानदाराची सीडी दुकानातच राहते, आणि कधी तर एका तयार डिस्कची घोस्टसारख्या प्रोग्रामने हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवलेली असते. त्यात मूळ संचाचा पत्ता नक्कल होऊन येतो, मूळ संच येत नाही. त्यातून इंदूर हे हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांचे शहर. युनिकोडपूर्वीच्या काळात देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. हिंदीसाठी मध्य प्रदेशात कृतिदेव मुरलेला, तर मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हवा असेल तर पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपीसारखी व्यवस्था. लग्नपत्रिका दोन्ही भाषांत छापायच्या तर एकाच संगणकात लिपीची दोन-तीन पॅकेजेस, वर पानजुळणीचा प्रोग्राम, वर स्कॅनरचे सॉफ्टवेअर. ज्या १९९९ मध्ये इंदूरहून वेबदुनिया हे हिंदी पोर्टल सुरू झाले, त्याच वर्षी हा इन्स्टॉलर आला, आणि र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा युनिकोड देवनागरी फाँट घेऊन विंडोज २००० पुढच्या वर्षी आली. युनिकोडचा रस्ता खुला झाला तरी छपाईच्या धंद्यात जुने फाँट पुढे कितीतरी वर्षे टिकले. जितकी पॅकेजेस जास्त तितकी नोंदवही गुंतागुंतीची, आणि मूळ संच तितकेच दुर्मीळ.

यावर पहिला आक्षेप येईल की व्हायरसची शंका काही हवेतून आलेली नाही. खरे आहे. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट नावाचा घातक प्रोग्राम शॉर्टकटचे चित्र नुसते दाखवले गेले तरी शिरकाव करत होता, आणि सिमँटेक या सुरक्षा-कंपनीच्या मोजणीत इराण आणि इंडोनेशियाच्या खालोखाल भारतातले संगणक त्याच्या तावडीत होते. त्याच सुमाराचा पेन ड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस तर झेरॉक्सच्या दुकानांतून गावभर फिरला. पण तो ओळखता येतो: तिथे फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतो आणि ‘टार्गेट’मध्ये एखादी स्क्रिप्ट चालवण्याचा हुकूम असतो. करडा रकाना आणि नोंदीत १००४ असेल तर व्हायरस शोधणे व्यर्थ. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रोग्रामच्या मूळ फाइलवरून नवा साधा शॉर्टकट केला की काम भागते, मग एवढी उठाठेव कशाला? अनेकदा भागते, हे मान्य. पण त्यामुळे फक्त तपासणी टळते, हरवलेला घटक परत येत नाही. आणि हाक जर प्रोग्रामच्या आतून जात असेल तर नव्या शॉर्टकटनेही तोच इन्स्टॉलर उगवतो. म्हणून मूळ फाइल थेट उघडून पाहणे ही पहिली परीक्षा. प्रोग्राम निमूट उघडला तर दोष शॉर्टकटच्या वाटेवर, नाही तर सामायिक घटकात.

तिसरे म्हणणे साफसफाईवाल्यांचे: नोंदवहीच पुसून टाकावी. मायक्रोसॉफ्टचेच ‘इन्स्टॉलर क्लीन अप’ हे साधन नेमके हे करत होते, आणि इतर सॉफ्टवेअरच्या घटकांना धक्का लागतो म्हणून जून २०१० मध्ये कंपनीने ते मागे घेतले. जागा मोकळी करण्यासाठी विंडोजमधले ‘इन्स्टॉलर’ फोल्डर रिकामे करणे हा त्याचाच घरगुती अवतार. त्या फोल्डरात दुरुस्तीला लागणारी संचाची उरलीसुरली प्रत असते, तीही जाते. नोंदीत ज्या उत्पादनाचे नाव आले त्याच्या नेमक्या त्याच आवृत्तीचा संच मिळवून त्याची दुरुस्ती करावी, किंवा ते नकोच असेल तर रीतसर काढून टाकावे. संच मिळत नसेल तर मात्र साधा शॉर्टकट करून दिवस काढणे आले, आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगणे.