चरख्याच्या अटी आणि हातातला फोन

वर्धा म्हटले की तंत्रज्ञानाच्या गप्पांत एक शेरा हमखास ऐकू येतो : गांधींचा जिल्हा, तिथे यंत्राला कोण विचारतो? हे म्हणणाऱ्यांत पुण्याला, बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी आमच्याच भागातली मुले असतात आणि गांधींना मनापासून मानणारे वडीलधारेही असतात. एकाच्या बोलण्यात कीव असते, दुसऱ्याच्या बोलण्यात अभिमान. गृहीतक मात्र दोघांचे एकच, की सेवाग्रामचा विचार म्हणजे यंत्राला नकार. हे गृहीतक चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे, आणि त्याने आपले रोजचे नुकसान होते. कारण त्यामुळे फोन, गेम किंवा सॉफ्टवेअरबद्दल बोलताना दोनच वाटा उरतात. नवे येईल ते डोळे मिटून घ्या, नाहीतर सगळ्याला पाठ फिरवा.

पूर्वपक्ष कमकुवत करून मांडण्यात अर्थ नाही, म्हणून तो पूर्ण मांडतो. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधींनी गिरण्या, रेल्वे आणि एकूण यंत्रसंस्कृतीवर जळजळीत टीका केली. ते तरुणपणीचे मत होते, पुढे बदलले, असेही म्हणता येत नाही. जुलै १९३८ मध्ये ‘आर्यन पाथ’ मासिकाला सेगावहून, म्हणजे आजच्या सेवाग्रामहून, पाठवलेल्या संदेशात त्यांनी त्या पुस्तकातले विचार बदलण्याचे आपल्याला कारण दिसत नाही असेच कळवले. दुसरा आणि माझ्या मते अधिक वजनदार आक्षेप डॉ. आंबेडकरांचा. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी विचारले, की माणसाला पशूच्या पातळीवरून वर येऊन संस्कृतीचे जीवन जगायचे तर फुरसत हवी, आणि यंत्राशिवाय ती कष्टकऱ्याला मिळणार कुठून? यंत्राने अनर्थ होतात ते नफा आणि खाजगी मालकी पवित्र मानणाऱ्या समाजरचनेमुळे. तेव्हा बदलायची ती रचना. यंत्र टाकून देणे हा उपाय नव्हे.

आता उत्तरपक्ष. नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त गांधींचा रामचंद्रन नावाच्या तरुणाशी झालेला संवाद प्रसिद्ध झाला. सगळ्याच यंत्रांना तुमचा विरोध आहे का, असा थेट प्रश्न होता. उत्तरात गांधींनी स्वतःचा देह आणि चरखा यांनाही यंत्रच म्हटले, विरोध यंत्राच्या वेडाला आहे असे सांगितले आणि सिंगरच्या शिलाई मशीनला उघड अपवाद केला. अशी मशीन करायला कारखाना लागेल, त्यात मोठी यंत्रे लागतील, हेही त्यांनी मान्य केले. तो कारखाना राष्ट्राच्या मालकीचा असावा एवढीच त्यांची अट. म्हणजे यंत्राच्या मालकीचा आंबेडकरांचा मुद्दा इथे आधीच आलेला आहे. तरीही संवादातल्या तत्त्वावर कुणी विश्वास ठेवू नये. तत्त्व सगळेच बोलतात. माणूस यंत्राकडे खरोखर कसा पाहतो हे तो यंत्र मागवताना कोणत्या अटी घालतो त्यावरून कळते.

तशा अटींचा एक दस्तऐवज उपलब्ध आहे आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला कळकळीने वाटते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी स्पर्धा जाहीर केली. बक्षीस एक लाख रुपये. त्या काळी ही रक्कम किती मोठी होती हे वेगळे सांगायला नको. अटी अशा होत्या : यंत्र हलके आणि सहज नेता येण्याजोगे असावे, खेड्यातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावे. एखाद्या बाईला फार श्रम न पडता ते आठ तास चालवता यावे आणि तेवढ्या वेळात त्यातून १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे, म्हणजे जवळजवळ पाच किलोमीटर. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. वेळच्या वेळी देखभाल केली तर ते २० वर्षे न थांबता चालावे, आणि देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा. स्पर्धकाने पेटंट घ्यायला हरकत नाही, पण बक्षीस हवे असेल तर हक्क संघाकडे द्यावे लागतील. नियोजित परीक्षकांत राजगोपालाचारींच्या बरोबरीने सतीशचंद्र दासगुप्त आणि राजशेखर बसू होते. हे दोघेही बेंगाल केमिकलमध्ये मुरलेले रसायनज्ञ.

यंत्राचा द्वेष करणारा माणूस असा कागद लिहीत नाही. त्यात उत्पादनाचा वेग आकड्यात आहे, आयुष्य आकड्यात आहे, दुरुस्तीचा खर्च टक्क्यांत आहे. सॉफ्टवेअरच्या कामात मी जी रिक्वायरमेंटची कागदपत्रे पाहिली त्यांत वेग असतो, एकाच वेळी किती लोक वापरतील हे असते, कुठल्या तारखेला रिलीज करायचे हे तर असतेच. ही वस्तू वापरणाऱ्याकडे किती वर्षे टिकली पाहिजे आणि बिघडली तर त्याला किती खर्च यावा, या दोन ओळी मला क्वचितच दिसल्या आहेत. ज्याला आपण यंत्रविरोध म्हणतो तो या दोन ओळींचा आग्रह होता.

यावर एक हजरजबाब तयार असतो : मग ते बक्षीस मिळाले कुणाला? कुणालाच मिळाले नाही, हे खरे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तयार झालेला चरखा स्पर्धेत उतरला होता, पण तोही साऱ्या अटींना उतरला नाही. यावरून अटीच अवास्तव होत्या असा निष्कर्ष काढला जातो. मला उलट वाटते. एक लाख रुपये घोषित करून झाल्यावर, देशातल्या नामवंत कारखान्याचे यंत्र समोर आल्यावर, चळवळीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न असताना अट सैल करण्याचा मोह केवढा असेल! ती सैल केली गेली नाही. आपल्या धंद्यात तारीख जवळ आली की सर्वात आधी कात्री लागते ती अटींना. पुढे तमिळनाडूतल्या एकंबरनाथ यांच्या कामातून अंबर चरखा आला, म्हणजे शोध त्या स्पर्धेबरोबर संपलाही नाही.

एक गोष्ट मात्र आंबेडकरांच्या बाजूने मान्य केलीच पाहिजे. त्या अटींत बाईने आठ तास सूत काढायचे आहे; तिला फुरसत किती मिळावी याची अट नाही. ही उणीव खरी आहे, आणि तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

स्पर्धा साबरमतीच्या काळातली. वर्ध्याला या विचाराने घर केले ते १९३४ अखेर, अखिल भारत ग्रामोद्योग संघ मगनवाडीत सुरू झाला तेव्हा. त्याची धुरा जे. सी. कुमारप्पांकडे होती. ते व्यवसायाने हिशेबतपासनीस, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहार शिकलेले. मगनवाडीत तेलाची घाणी सुधारली गेली आणि ती ‘वर्धा घाणी’ म्हणूनच ओळखली गेली. रॉकेलऐवजी खेड्यातल्या तेलावर जळणारा मगनदीप झाला, धूर कमी करणारी मगन चूल झाली. सेवाग्रामला मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर स्वामी भारतानंद होऊन राहिला आणि त्याने धनुष तकली केली. ‘हिंद स्वराज्या’वर ठाम असल्याचे ज्या १९३८ च्या जुलैत गांधींनी कळवले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. आश्रमातला टेलिफोन आजही पाहायला मिळतो. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी आधी आपला समज तपासावा. मला यात एकच सूत्र दिसते. यंत्र वापरणाऱ्याच्या ताब्यात राहते की वापरणाराच यंत्रवाल्याच्या ताब्यात जातो, हा तो निकष.

हा निकष आज लावून पाहू. १५,००० रुपयांच्या फोनला १९२९ ची अट लावली तर वर्षाच्या दुरुस्तीची मर्यादा होते ७५० रुपये. वर्ध्याच्या कुठल्याही मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात विचारा, फोल्डर बदलायचाच खर्च याच्या किती पुढे जातो. फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र. दुकानदाराचा हात कुशल असतो. मायक्रोस्कोपखाली तो आयसी बदलतो, चार्जिंगचा जॅक नवा बसवतो. अडते ते दुसरीकडे. बॅटरी गोंदाने चिकटवलेली, सर्किटची आकृती कंपनी देत नाही, आणि काही फोनांत सुटा भाग बदलला की सॉफ्टवेअरच तो ओळखीचा नाही अशी सूचना पडद्यावर लावते. बिघाड हाताच्या टप्प्यात असतो आणि दुरुस्तीचा अधिकार दूर कुठेतरी. अशा वेळी लोक सहज म्हणून जातात, की जुना फोन दुरुस्त करण्यात राम नाही, तंत्रज्ञान पुढे जातेच. यात तंत्रज्ञानाचा नियम कुठला? तो विकणाऱ्याचा निर्णय आहे, आणि निर्णय बदलता येतात. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तो बदलला : तिथे विकायच्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के राहिली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत. जे काल अशक्य म्हणून सांगितले जात होते ते कायदा येताच शक्य झाले.

संगणकाचेही तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे, नव्या आवृत्तीला हवी ती चिप किंवा प्रोसेसर नाही एवढ्यावरून, जुनी ठरली. लिनक्स टाकून ती चालवता येतात. ते शक्य आहे याचे कारण १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. चरखा संघाची पेटंटची अट त्याच्या अर्धशतक आधीची. दोन्ही एकच नव्हेत, संघ हक्क स्वतःकडे घेत होता आणि मुक्त सॉफ्टवेअर ते सगळ्यांना देते. पण लोकांच्या रोजच्या वापराच्या साधनाची किल्ली एकट्या शोधकाच्या खिशात राहू नये, ही तळमळ सारखीच आहे.

आता गेम. गेम म्हणजे वेळेचा नाश, हे मत आमच्याकडे घराघरांत आहे, आणि ते गांधींच्या नावावर खपवले जाते. इथे मला आंबेडकरांचा हात धरावासा वाटतो. फुरसत ही चैन नव्हे, ती माणूसपणाची गरज आहे, आणि खेळ हा फुरसतीचा सर्वात जुना उपयोग. दिवसभर कपाशी वेचून आलेल्या किंवा एमआयडीसीतून सुटलेल्या पोराने तासभर गेम खेळला तर त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. प्रश्न आहे तो गेमच्या रचनेचा. रोज लॉगिन केले नाही तर बक्षीस बुडते, पैसे भरून पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर, मित्र पुढे गेल्याच्या सूचना रात्री अकराला. ही रचना फुरसत देत नाही, फुरसत खाते. आंबेडकरांनी यंत्राकडून मागितलेली एकमेव गोष्ट ती काढून घेते. आणि टिकाऊपणाच्या अटीवर तर ती उघडी पडते : युबिसॉफ्टची ‘द क्रू’ ही २०१४ ची गेम लोकांनी पैसे मोजून घेतली होती, ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेली गेम कुणालाच खेळता येईना. एकदा घेतली, मनासारखी खेळली, संपली, भावाला दिली, अशा गेमला गांधींचे सेवाग्राम आणि आंबेडकरांचे महू दोन्हीकडून हरकत येण्याचे कारण मला दिसत नाही.

शेवटचा समज सॉफ्टवेअरवाल्यांचा, आणि तो मोडणे सर्वात कठीण : वापरणाऱ्याला आत काय चालते हे कळण्याची गरज नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमची योजना आखली. तिचा गाभा याच्या नेमका उलट आहे. मुलाने तकली हातात घ्यायची आणि तिच्यातूनच सुताचा नंबर, वजन, लांबी, कापसाचा भूगोल शिकायचा. साधन हे समजून घेण्याची वस्तू आहे. आज संगणक शिक्षण म्हणून मुलांना पुष्कळदा बटणे कुठे आहेत एवढेच शिकवतो, आणि मग तीच मुले इंजिनिअर होऊन बटणेच रचतात. सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून निघालेला मुलगा नागपूरच्या मिहानला किंवा हिंजवडीला जातो तेव्हा तो गांधींच्या जिल्ह्यातून सुटून तंत्रज्ञानात गेला असे घरी म्हणू नये. त्याच्या महाविद्यालयापासून काही किलोमीटरवर मगन संग्रहालय आहे. तिथे त्याला त्याच्याच धंद्याचे पूर्वज भेटतील.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली, पोर्टल काढले, आता दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाची चर्चा आहे. फ्रान्समध्ये असा निर्देशांक २०२१ पासून छापला जातो : दहापैकी गुण. आपल्या खोक्यांवर गुण नकोत. गुण कुणी कसे दिले हे गिऱ्हाइकाला कळत नाही. दोन आकडे छापावेत : ही वस्तू किती वर्षे चालेल, आणि दरवर्षी तिच्या किमतीच्या किती टक्क्यांत दुरुस्त होईल. हे दोन्ही आकडे चुकले तर पैसे परत.