पट्टी आणि चौकोन

नदीच्या खोऱ्याचा इतिहास लिहावयाचा तर राजे, किल्ले आणि लढाया यांपासून आरंभ करण्याची आपल्याकडे रीत आहे. मी मोजणीच्या साखळीपासून आरंभ करतो. ही साखळी ६६ फुटांची. सतराव्या शतकात एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ती रूढ केली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर होतो. आपल्या सातबाऱ्यावरचा गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे याच साखळीच्या निम्म्याचा चौरस. तेव्हा ती आपल्याला अगदीच परकी नाही. इंग्रजांचा अंमल जेथे गेला तेथे ती गेली, आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी ती मुकाट्याने आपल्या शेतातून जाऊ दिली. कॅनडातील रेड नदीच्या खोऱ्यात मात्र १८६९ च्या ऑक्टोबरात काही माणसांनी तिच्यावर पाय ठेवला. तो पाय तेथे का पडला हे समजावयाचे, तर आधी तेथील भूमी समजून घेतली पाहिजे.

वाचकांनी कृष्णा-कोयनेचे खोरे मात्र डोळ्यांसमोर आणू नये. रेड नदीला डोंगरांच्या भिंती नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उगम पावून ती उत्तरेकडे वाहते, ४९ वे अक्षवृत्त ओलांडून कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात शिरते आणि सुमारे ८८५ किलोमीटरांचा प्रवास संपवून विनिपेग सरोवराला मिळते. हिमयुगाच्या अखेरीस येथे एक अफाट सरोवर होते. भूशास्त्रज्ञांनी त्याला अगासी सरोवर असे नाव दिले आहे. ते आटले आणि त्याचा गाळाचा तळ उघडा पडला. तोच हा प्रदेश. पाटासारखा सपाट, काळ्या चिकण मातीचा. झाडे असावयाची ती नदीच्या काठाने. त्यापलीकडे दृष्टी पोहोचेल तेथवर गवत. दक्षिणेकडचे बर्फ वसंतात आधी वितळते, उत्तरेकडचे पात्र तेव्हा गोठलेलेच असते. मग आलेले पाणी जाणार कोठे? ते सपाटीवर पसरते. पश्चिमेकडून येणारी ॲसिनिबॉइन नदी रेड नदीला मिळते त्या संगमावर आज विनिपेग शहर उभे आहे. क्री भाषेत या नावाचा अर्थ गढूळ पाणी.

या संगमावर क्री, अनिशिनाबे, नाकोडा हे लोक फार प्राचीन काळापासून येत-जात होते. मागून कातड्यांचे व्यापारी आले. इंग्लंडच्या राजाने १६७० साली हडसन्स बे कंपनीला सनद दिली होती, आणि हडसन उपसागराला मिळणाऱ्या सर्व नद्यांचा मुलूख त्या सनदेने तिच्या पदरात टाकला होता. न पाहिलेला देश दान करण्याचे राजांचे औदार्य आपल्यालाही परिचयाचे आहे! मॉन्ट्रियलहून आलेले फ्रेंच नावाडी आणि कंपनीचे स्कॉटिश नोकर यांनी येथील स्त्रियांशी संसार थाटले, आणि त्या संसारांतून एक नवीन समाज जन्मास आला. फ्रेंच भाषेत त्यांना मेती म्हणतात, म्हणजे मिश्र. परंतु ‘मिश्र’ या शब्दाने ‘अर्धवट’ असा समज होऊ नये. त्यांच्या मिशिफ भाषेत क्रियापदे क्रीची आणि नामे फ्रेंचची, आणि दोन्हींची गुंतागुंत शाबूत. त्यांच्या दोन चाकांच्या गाड्या संपूर्ण लाकडी असत. आसाला वंगण घालीत नसत, कारण वंगणात धूळ बसून लाकूड झिजे. त्यामुळे त्यांचा करकराट फार दूरवर ऐकू येई. १८४० च्या गव्याच्या शिकारीला १,२१० गाड्या आणि १,६३० माणसे निघाल्याची नोंद आहे. गव्याचे मांस वाळवून, कुटून, चरबीत मिसळून ते पेमिकन करीत. व्यापाऱ्यांच्या होड्या चालत त्या या शिदोरीवर.

१८१२ साली लॉर्ड सेल्कर्क या स्कॉटिश उमरावाने पाठविलेले शेतकरी येथे उतरले. आपल्या गावाहून उठविली गेलेली ही गरीब माणसे होती. वसाहतीच्या अधिकाऱ्याने १८१४ च्या जानेवारीत पेमिकन बाहेर नेण्यास बंदी केली. त्यातून वैर पेटले, आणि १९ जून १८१६ रोजी सेव्हन ओक्स येथे गव्हर्नर सेंपल आणि त्याची वीस माणसे मारली गेली. मेतींचा एक मनुष्य पडला. पुढच्याच वर्षी सेल्कर्कने पेग्विस आदी पाच नायकांशी करार केला. नायकांनी सही म्हणून आपापल्या कुळाचे प्राणी काढले. नदीच्या दोन्ही काठांनी दोन-दोन मैल जमीन त्याने मागितली. घोड्याच्या पोटाखालून पाहिले असता मैदानात जेवढे दिसते तेवढे दोन मैल, अशी त्या मापाची सांगी आहे. मोबदला म्हणून दरसाल तंबाखू. जमीन आम्ही कायमची विकली नव्हती, अशी तक्रार पेग्विसने उतारवयात जाहीरपणे केली.

या दोन मैलांतच माझ्या विषयाचा गाभा आहे. खोऱ्यातील शेते पट्टीच्या आकाराची होती: नदीकाठी रुंदी काही शे फूट आणि मागे लांबी दोन मैल. ही चाल क्वेबेकातील सेंट लॉरेन्स नदीकाठची. ती मेतींनी घेतली आणि स्कॉट शेतकऱ्यांनीही घेतली. या आकारामागचा विचार पाहण्याजोगा आहे. नदी म्हणजे पाणी, मासे, सरपण आणि रस्ता. हिवाळ्यात तर गोठलेले पात्र हीच सडक. तेव्हा प्रत्येक घराला नदीचा तुकडा मिळालाच पाहिजे. काठावर घर, त्यामागे भाजीपाला, त्यामागे गहू आणि बार्ली, आणि सर्वांत मागे गवत. पट्टीच्या पलीकडे आणखी दोन मैल गवत कापण्याचा हक्क त्या त्या कुटुंबाचा मानला जाई. आपल्या गायरानाशी ताडून पाहिले तर ही गोष्ट लवकर ध्यानात येईल, फरक इतकाच की हा हक्क सबंध गावाचा नसून पट्टीमागे बांधलेला होता. शिवाय पट्ट्या अरुंद म्हणून घरे जवळजवळ. उणे तीस अंशांच्या थंडीत हाकेच्या अंतरावर शेजारी असणे हे केवळ सुख नव्हे, जीवन होय. कागद मात्र पुष्कळांपाशी नव्हता. वहिवाट हाच दाखला.

कंपनीने हा सारा मुलूख कॅनडा सरकारला द्यावयाचे ठरविले. किंमत तीन लाख पौंड, शिवाय सुपीक पट्ट्यातील विसावा हिस्सा. येथे राहणाऱ्या सुमारे १२ हजार माणसांना कोणी विचारले नाही. त्यांत दर सहांमागे जवळजवळ पाच मेती होते. हस्तांतर होण्यापूर्वीच मोजणीदार आले. त्यांच्याजवळ अमेरिकन धर्तीचा चौकोन होता. पुढे तो पक्का झाला तो असा: सहा मैलांचा चौरस, त्यात एकेका मैलाचे ३६ भाग, प्रत्येकाचे पाव म्हणजे १६० एकर. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी त्यांची साखळी आंद्रे नॉल्ट या मेती शेतकऱ्याच्या कुरणात शिरली. त्याने शेजाऱ्यांना बोलाविले. त्यांच्याबरोबर मॉन्ट्रियलला शिकून आलेला चोवीस वर्षांचा लुई रिएल होता. त्याला इंग्रजी येत होते. त्यांनी साखळीवर पाय दिला आणि यापुढे मोजावयाचे नाही, असे सांगितले. रक्त सांडले नाही. मोजणीदार साखळी गुंडाळून निघून गेले.

मला या प्रसंगाचे महत्त्व लढाईहून अधिक वाटते. चौकोन स्वतः काही दुष्ट नव्हे. ज्याने जमीन पाहिली नाही त्याला ती विकत घेता यावी, ही चौकोनाची सोय. भाग अमुक, पाव अमुक, एवढे लिहिले की लंडनच्या कचेरीत बसून व्यवहार होतो. पट्टीचे तसे नाही. तिच्यात नदी कोठे, शेजारी कोण, गवत कोणाचे हे ठाऊक असावे लागते. पट्टी हे राहणाऱ्याचे माप आहे आणि चौकोन हे विकणाऱ्याचे. त्या कुरणातील तंटा एका शेतकऱ्याच्या गवताचा दिसतो, पण जमिनीवरचा हक्क राहण्याने सिद्ध होतो की कागदाने, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

पुढील वृत्तांत थोडक्यात सांगतो. नोव्हेंबरात मेतींनी कंपनीचा फोर्ट गॅरी ताब्यात घेतला, डिसेंबरात तात्पुरते सरकार स्थापिले. त्या सरकारने १८७० च्या मार्चमध्ये टॉमस स्कॉट या कैद्याला गोळी घातली, आणि ती गोष्ट त्यांना जन्मभर भोवली. तथापि वाटाघाटी यशस्वी झाल्या. १८७० च्या मॅनिटोबा कायद्याने नवा प्रांत निर्माण झाला, वहिवाटीच्या जमिनींना मान्यता मिळाली आणि मेतींच्या मुलांसाठी १४ लाख एकर राखून ठेवले गेले. त्याबरोबरच फौजही आली. तिचा सेनानी गार्नेट वुल्झली १८५७ साली लखनौच्या लढाईत होता. रिएल पळाला.

वचन दिले गेले आणि मग विलंब सुरू झाला. वाटपाच्या याद्या होत, रद्द होत, पुन्हा होत. जमीन चिठ्ठ्या टाकून दिली गेली, त्यामुळे भावंडांचे तुकडे एकमेकांपासून दूर पडले. दलाल फिरू लागले, हक्क कवडीमोलाने विकत घेऊ लागले. शेवटी जमीन पुरली नाही म्हणून ९९३ मुलांना नुसते रोखे देण्यात आले. पुष्कळ मेती पश्चिमेस सस्कॅचेवान नदीकाठी निघून गेले. तेथे त्यांनी पुन्हा पट्ट्या आखल्या आणि तेथेही चौकोन येऊन धडकला. १८८५ चे बंड त्याच गाऱ्हाण्यांतून पेटले. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला रिएलला रेजायना येथे फाशी दिले गेले. त्याची समाधी रेड नदीच्या पूर्व काठी सेंट बॉनिफेसच्या चर्चच्या आवारात आहे.

मौज अशी की चौकोनाला सरकारमान्य अपवादही झाला. १८७४ पासून दक्षिण रशियातून मेनोनाइट पंथाचे जर्मनभाषी शेतकरी येथे आले. शस्त्र हाती न धरण्याचा त्यांचा धर्म. इतरांनी टाकलेल्या उघड्या, वृक्षहीन मैदानात ते राहिले. त्यांना चौकोनी शेतात एकाकी घर नको होते. एका रस्त्याच्या दोहो बाजूंस घरे आणि भोवती वाटून घेतलेल्या पट्ट्या, अशी गावे त्यांनी वसविली. सरकारने त्यांच्यासाठी कायद्यात मोकळीक ठेवली. जी सवलत बाहेरून बोलाविलेल्या शेतकऱ्यांना मिळाली ती येथल्याच मेतींना भांडून मिळवावी लागली, आणि मिळाली तरी पचली नाही. पुढे शाळांच्या कायद्यावरून वाद होऊन १९२२ पासून हजारो मेनोनाइट मेक्सिकोला निघून गेले. पेग्विसच्या लोकांचे नशीब याहून वाईट. १९०७ साली बेकायदा रीतीने त्यांची नदीकाठची सुपीक जमीन काढून घेऊन त्यांना उत्तरेस पाठविण्यात आले. ती नवी जागा वारंवार पुराखाली जाते. २०२२ सालीही गेली.

पूर या खोऱ्यात कोणाचेच माप मानीत नाही. १८२६ च्या पुराने सबंध वसाहत धुऊन नेली. १९५० साली विनिपेगमधून सुमारे एक लाख माणसे हलवावी लागली. त्यानंतर डफ रॉब्लिन या मुख्यमंत्र्याने शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरांचा कालवा खणविला. काम १९६२ ते १९६८ पर्यंत चालले. लोकांनी त्याला थट्टेने ‘डफचा चर’ म्हटले. १९९७ च्या महापुरात त्याच चराने शहर वाचविले.

विनिपेगचा नकाशा मी पुष्कळ वेळा न्याहाळला आहे. तेथील मेन स्ट्रीट आणि पोर्टेज अव्हेन्यू हे रस्ते जुन्या गाडीवाटांवर आहेत. त्यांची रुंदी १३२ फूट, म्हणजे बरोबर दोन साखळ्या. बाकीच्या गल्ल्या नदीला काटकोन करून जातात, आणि नदी वळते तशा वळतात. दोन नद्यांकाठच्या गल्ल्या जेथे भेटतात तेथे विचित्र कोन होतात. नवख्या माणसाला तो गोंधळ वाटतो, पण त्या गल्ल्या म्हणजे मेतींच्या आणि स्कॉटांच्या पट्ट्यांचे बांध होत. मालक गेले, खळी गेली, बांध राहिले. शहराबाहेर पडले की नकाशा चौकोनी होतो, तो पश्चिमेकडे शेकडो मैल.

८ मार्च २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मेतींच्या मुलांना जमीन देण्याचे वचन राजसत्तेने आपल्या इभ्रतीस साजेशा तत्परतेने पाळले नाही. निकालाने एक एकरही परत मिळाला नाही. झाले ते चुकीचे झाले, एवढेच लिहिले गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात मॅनिटोबाच्या मेतींशी सरकारने स्वशासनाचा करार केला. हक्क राहण्याने की कागदाने, या प्रश्नाला अखेर कागदावरच उत्तर मागावे लागले, आणि ते मिळावयास १४३ वर्षे लागली. मेतींची मुले, नातवंडे आणि पणतवंडे तोवर ते मागत राहिली, ही गोष्ट मला त्या खोऱ्यातील सर्वांत मोठी वहिवाट वाटते.