दौलताबादची द्राक्षं, नाशिकची वाइन

बचत गटाच्या आम्ही बायका वाइनची फॅक्टरी बघायला नाशिकला निघालो म्हटल्यावर गावात हसं झालं. साहजिकच आहे. आमच्यातल्या कितीतरी जणींनी गावचं दारू दुकान बंद करायला ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारलेला! पण द्राक्षाचा पैसा कसा होतो, ते आम्हाला डोळ्यांनी बघायचं होतं.

द्राक्ष म्हटलं की सगळे नाशिक म्हणतात. पण चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या मराठवाड्यात दौलताबादला येऊन गेला. इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. नाशिककडं १९२५ च्या सुमारास ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी बाग लावली, असं तिकडं सांगतात. पुढं कितीतरी वर्षं ही द्राक्षं खायचीच होती.

वाइनचं तसं कालपरवाचं. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यात नारायणगावला कारखाना निघाला. मग अमेरिकेत शिकून आलेल्या राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाजवळ ‘सुला’ काढली. पहिली वाइन २००० साली आली. नाव त्यांच्या आईवरून, सुलभा. हे ऐकून आमच्या बायका खूश! २००१ साली सरकारनं धोरण आणलं, करात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क केलं, आणि वाइनरी वाढत गेल्या.

आत स्टीलच्या उंच टाक्या, हात लावला तर गारेगार. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची, बियांची. लाल वाइनला रंग सालीचा. पांढरीसाठी साल आधीच बाजूला काढून नुसता रस आंबवतात. आंबील करणाऱ्या बाईला आंबवणं काय नवीन?

शेवटी चाखायला ग्लास आले. दोघींनी वास घेतला. एकीनं हातसुद्धा लावला नाही. दारूपायी तिचं घर गेलं. २०२२ साली सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा हे शेतकऱ्याच्या भल्याचं आहे असं आपण ऐकलं, विरोधही झाला. शेतकऱ्याचा फायदा आम्हालाही कळतो. पण वाइनमध्ये अल्कोहोल असतं, हे बाटलीवरच छापलेलं असतं.

बाहेर आलो तर समोर धरणाचं पाणी. ही आपलीच गोदावरी. त्र्यंबकला उगम, मग नाशिक, पैठण आणि आपलं गंगाखेड. वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं, याचं भांडण दुष्काळी वर्षी कोर्टापर्यंत जातं, आणि आपल्या कालव्याचं पाणी जायकवाडीचंच. वेलींना ठिबकनं पाणी देतात, उसाइतकं लागत नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. खरंय ते. ऊस तर आपणही लावतो.

मनमाड सोडल्यापासून परभणी येईस्तोवर गाडीत वाइनचं नाव कमी, पाण्याचंच जास्त निघालं.