इंजिनचं काम केलं, तरी काळा धूर? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

मालवण : पावसाळी मासेमारी बंदीत किनाऱ्यावरचे बरेच जण होडीचं आउटबोर्ड इंजिन खोलून काम करून घेतात. नवीन पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळं बसतं. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटली की काहींचं इंजिन काळा धूर सोडतं, हळू चालवलं की अडखळतं, प्लग ओले होतात आणि त्याच फेरीला पेट्रोल जास्त लागतं. मग पहिला संशय कार्बोरेटरवर आणि पहिला हात स्क्रूवर जातो. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

रिच म्हणजे काय?

पेट्रोल नीट जळायला 1 किलो पेट्रोलमागे साधारण 15 किलो हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त आलं, तर ते पूर्ण जळत नाही. त्याची काजळी होते, प्लग काळा पडतो. यालाच मिस्त्री लोक 'इंजिन रिच चालतंय' म्हणतात. पुढची माहिती दोन-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनासाठी आहे.

आधी धूर ओळखा

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर-पांढरा धूर म्हणजे ऑइल. नवीन रिंगा बसल्यावर सुरुवातीचे काही तास बऱ्याच इंजिनांना दुप्पट ऑइल द्यावं लागतं. नेहमी 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली असेल, तर तेव्हा 25 ला 1 म्हणजे लिटरला 40 मिली. त्या काळात निळसर धूर येणारच. तो बघून कार्बोरेटरला हात लावू नये. प्रमाण मात्र आपल्या इंजिनाच्या पुस्तकातलंच घ्यावं.

प्लग कधी बघायचा?

पिंपातल्या पाण्यात हळू चालवून प्लग काढला तर तो काळाच दिसतो. इंजिन लोडवर चाललं पाहिजे. मोकळ्या पाण्यात काही मिनिटं जोरात चालवावं, लगेच बंद करावं आणि प्लग काढावा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे ठीक. मऊ काळी काजळी म्हणजे रिच. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, आणि ते जास्त धोक्याचं.

दोन सिलिंडर आणि एकच कार्बोरेटर असेल व एकच प्लग काळा असेल, तर दोष बहुधा कार्बोरेटरचा नाही. दोन्ही प्लगांची अदलाबदल करून बघावी. काळेपणा प्लगाबरोबर गेला तर प्लग खराब. त्याच सिलिंडरला राहिला तर त्याची ठिणगी, कॉइल आणि खाली सांगितलेला डायफ्राम तपासावा.

कार्बोरेटर न खोलता होणारी तपासणी

1. चोक पूर्ण उघडतो का? केबल किंवा दांडी परत बसवताना चुकली, तर चोक अर्धा बंदच राहतो.

2. थर्मोस्टॅट आहे का? काहीजण काम करताना तो काढूनच टाकतात. मग इंजिन गरम होत नाही, पेट्रोल नीट जळत नाही आणि लक्षणं रिचसारखीच दिसतात.

3. इंजिन बंद ठेवून पेट्रोलच्या पाइपातला रबरी पंप कडक होईपर्यंत दाबावा. कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल वाहू लागलं, तर फ्लोट किंवा त्याची सुई पेट्रोल अडवत नाही.

4. पेट्रोल पंपाचा डायफ्राम फाटलाय का? हा दोष सगळ्यात जास्त फसवतो. हा पंप क्रँककेसच्या दाबावर चालतो. डायफ्रामला बारीक भोक पडलं की दाबाच्या वाटेने कच्चं पेट्रोल सरळ इंजिनात जातं. कार्बोरेटर कितीही जुळवा, धूर थांबत नाही. पंप काढल्यावर दाबाच्या बाजूला पेट्रोल साचलेलं दिसलं, तर डायफ्राम बदलावा.

रिच कुठल्या वेगाला?

फक्त हळू चालताना त्रास असेल तर पायलट जेट आणि त्याचा स्क्रू बघावा. फक्त फुल थ्रॉटलला असेल तर मेन जेट. सगळ्याच वेगाला असेल तर चोक, फ्लोट, सुई किंवा डायफ्राम.

कार्बोरेटर खोलल्यावर फ्लोट कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. सुईच्या टोकाला गोल खाच पडली असेल तर सुई बदलावी. जेटवरचा नंबर पुस्तकाशी ताडून बघावा. पेट्रोलच्या आणि रॉकेलच्या इंजिनाचे सुटे भाग एकमेकांत मिसळले तर गडबड होते. जेट तारेने कधीच साफ करू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि इंजिन कायमचं रिच होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवेने फुंकावा.

स्क्रू फिरवायचाच असेल तर आधी तो हलक्या हाताने शेवटपर्यंत आवळून किती फेरे झाले ते लिहून ठेवावं आणि परत तितकाच सोडावा. मग एका वेळी पाव फेराच फिरवावा. स्क्रू हवेचा असेल तर आवळल्यावर रिच होतं, पेट्रोलचा असेल तर आवळल्यावर पेट्रोल कमी होतं. कुठला आहे ते कळल्याशिवाय हात लावू नये.

घाईचा खरा धोका

दोन-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलबरोबरच येतं. धूर घालवायचा म्हणून लहान जेट टाकला की पेट्रोल कमी होतं, ऑइलही कमी होतं आणि उष्णता वाढते. नवीन रिंगांचा पिस्टन अशा वेळी जाम होतो, तोही लोडवर, म्हणजे किनाऱ्यापासून लांब असताना. रिच इंजिन पैसे खातं. पेट्रोल कमी पडलेलं इंजिन माणसाला समुद्रात अडकवतं.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, लिहून ठेवावी आणि आधी किनाऱ्याजवळच चालवून बघावं. इंजिन पाण्याशिवाय चालवू नये, पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. पेट्रोलचं काम मोकळ्या हवेत करावं, जवळ विडी-चूल नको. आणि काम झालेलं इंजिन पहिल्यांदा बाहेर नेताना वल्ही, जास्तीचे प्लग आणि प्लगचा पाना होडीत असलाच पाहिजे.