दगडाचे सूत

दगडाचे सूत निघते असे कोणी सांगितले तर आपणांस ती थट्टा वाटेल. पण कॅनडातील क्विबेक प्रांतात असा दगड आहे. पृथ्वीच्या कवचाखालचा, सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक भूखंडाच्या काठावर रेटला गेला. त्यात पाणी मुरून ऑलिव्हिनचे सर्पेंटाइन झाले, आणि भेगांतून रेशमी तंतू वाढले. तेच ॲस्बेस्टॉस, विणता येते, पण जळत नाही.

1876 मध्ये थेटफर्ड येथे त्याचा साठा सापडला. दगड भरडताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाई. मेरेवेदर आणि प्राइस यांनी 1930 मध्ये इंग्लंडातील कामगार तपासून ही धूळ फुप्फुसे निबर करते असा अहवाल दिला. पुढल्याच वर्षी तेथे नियम झाले. क्विबेकमध्ये मात्र 1949 साली सुमारे 5,000 कामगारांना संप करावा लागला. मजुरीबरोबरच धूळ हटवा, हीही त्यांची मागणी होती. ड्युप्लेसिस सरकारने संप बेकायदा ठरवून पोलीस पाठविले; आर्चबिशप शार्बोनो यांनी चर्चमधून संपकऱ्यांसाठी वर्गणी जमविली. चार-पाच महिन्यांनी संप मिटला, तेव्हा कामगारांच्या पदरात फारसे काही पडले नाही.

पुढे हा तंतू कर्करोगही आणतो हे सिद्ध झाले. तरी क्विबेकच्या खाणी 2012 पर्यंत बंद झाल्या नव्हत्या, आणि त्यांचा माल भारतातही येत असे. कॅनडात बंदी आली ती 2018 साली. त्या अहवालानंतर 88 वर्षांनी!

आपल्याकडील सिमेंटच्या पत्र्यांत हा तंतू आजही पडतो. पत्रा कापणाऱ्याच्या नाकातोंडाशी उडणारी धूळ कसली, हे आता आपण जाणतो. जाणून स्वस्थ बसणे, हा मात्र दोष दगडाचा नव्हे.