प्राणवायूचे माप : वाइडबँड लॅम्डा संवेदक आणि अंशशोधनाचा इतिहास

प्रस्तावना

पेट्रोल इंजिनाचा विचार करताना इंधनाकडे सर्वांचे लक्ष जाते, हवेकडे मात्र सहसा जात नाही. वास्तविक एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. घनफळात सांगायचे तर एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिन ओढून घेते. या प्रमाणास समतोल प्रमाण म्हणतात. प्रत्यक्षातील हवा-इंधन प्रमाणाला समतोल प्रमाणाने भागले असता जे गुणोत्तर मिळते ते 'लॅम्डा' या ग्रीक अक्षराने दर्शविले जाते. लॅम्डा १ असेल तर मिश्रण समतोल असते. ते १ पेक्षा कमी असेल तर इंधन जास्त असते आणि कारागीर त्याला 'रिच' म्हणतात. १ पेक्षा अधिक असेल तर हवा जास्त असते, म्हणजे मिश्रण 'लीन' असते.

कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण कारागिराच्या डोळ्यांनी व कानांनी ठरत असे. स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग, सायलेन्सरमधील काजळी आणि इंजिनाचा आवाज ही त्याची साधने होती. आज त्याच कामासाठी एक्झॉस्टच्या नळीत वाइडबँड संवेदक, म्हणजेच विस्तृत पल्ल्याचा सेन्सर बसविला जातो आणि पडद्यावर दशांश चिन्हासह आकडा दिसतो. डोळ्यांच्या अंदाजापासून या आकड्यापर्यंतचा प्रवास कसा झाला आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याचा आधार कोणता, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मोजमापाची विश्वासार्हता यंत्राच्या नव्या-जुनेपणावर नव्हे, तर त्याने मानलेल्या संदर्भावर अवलंबून असते, आणि या संवेदकाच्या बाबतीत तो संदर्भ म्हणजे आपल्या सभोवतालची साधी हवा होय, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

दिव्यापासून संवेदकापर्यंत

या संवेदकाचे मूळ मोटारीत नसून दिव्यात आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये विद्युत-घटातील दाब आणि पदार्थांचे प्रमाण यांचा संबंध सांगणारे समीकरण मांडले. पुढे १८९७ मध्ये त्यांनी झिर्कोनियात यिट्रिया मिसळून तयार केलेल्या सिरॅमिक कांडीचा दिवा शोधून काढला. ही कांडी थंड असताना वीज वाहून नेत नसे. आधी तापवल्यावरच ती प्रकाशमान होई. टंगस्टनच्या तारेचे दिवे आल्यावर नेर्न्स्टचा दिवा मागे पडला, परंतु त्यातील पदार्थ विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. या पदार्थातून वीज नेमकी कशी वाहते याचे स्पष्टीकरण कार्ल वॅग्नर यांनी १९४३ मध्ये दिले. स्फटिकाच्या रचनेत प्राणवायूच्या काही जागा रिकाम्या असतात आणि तापलेल्या अवस्थेत प्राणवायूचे आयन त्या जागांमधून सरकतात, असे त्यांनी दाखविले.

या गुणधर्मामुळे झिर्कोनिया हा प्राणवायूचा मापक ठरू शकला. त्याच्या एका बाजूस स्वच्छ हवा आणि दुसऱ्या बाजूस एक्झॉस्टचा वायू ठेवला, तर दोन्ही बाजूंच्या प्राणवायूतील तफावतीनुसार विद्युतदाब निर्माण होतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे उपकरण प्राणवायूचे निरपेक्ष माप देत नाही. ते तुलना करते, आणि तुलनेची एक बाजू जन्मापासूनच बाहेरची हवा आहे.

कायद्याने निर्माण केलेली गरज

प्रयोगशाळेतील हा घट मोटारीत यावा असे कारण अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात घडले. या शहरावर दाटणाऱ्या, डोळ्यांची आग करणाऱ्या धुरक्याचे रहस्य कॅल्टेक या संस्थेतील आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी उलगडले. मोटारी व कारखाने यांतून बाहेर पडणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र येऊन ओझोन व इतर त्रासदायक पदार्थ तयार होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. डिसेंबर १९७० मध्ये अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने नव्या मोटारींचे प्रदूषण सुमारे ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. त्याच्या मुदती पुढे वाढवाव्या लागल्या, तरी दिशा निश्चित झाली होती.

१९७५ सालच्या मॉडेलपासून अमेरिकेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले आणि शिशाने उत्प्रेरक निकामी होत असल्यामुळे शिसेविरहित पेट्रोल अपरिहार्य झाले. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणाऱ्या त्रिमार्गी उत्प्रेरकाची अट अधिक कठीण होती. मिश्रण समतोल प्रमाणाच्या अगदी जवळ राहिले तरच तो तिन्ही कामे करतो. थोडे लीन झाले की नायट्रोजनची ऑक्साइडे सुटतात. थोडे रिच झाले की उरलेली दोन. कारागिराच्या नजरेला ही अरुंद पट्टी सांभाळणे शक्य नव्हते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९७६ मध्ये लॅम्डा संवेदकाचे उत्पादन सुरू केले आणि स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९७७ सालच्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियासाठीच्या मोटारींत तो वापरला. 'लॅम्डा सॉन्ड' हे शब्द त्या मोटारींच्या पुढील जाळीवर मिरविले गेले. प्रदूषण नियंत्रणाचा एक लहानसा भाग जाहिरातीचा विषय होणे ही त्या काळात नवलाचीच गोष्ट होती.

निवाडा आणि माप

हा पहिला संवेदक माप देत नव्हता, निवाडा देत होता. मिश्रण रिच असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट आणि लीन असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट, अशी त्याची भाषा होती. समतोल बिंदूवर दाब एकदम उडी घेतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तो जवळजवळ स्थिर राहतो. ७५० अंश सेल्सिअस तापमानाला लीन मिश्रणाच्या एक्झॉस्टमधील प्राणवायू २ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेला, म्हणजे दुप्पट झाला, तरी नेर्न्स्टच्या समीकरणानुसार दाबात फक्त १५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्रिमार्गी उत्प्रेरकासाठी हा निवाडा पुरेसा होता. परंतु पूर्ण शक्ती देताना इंजिन मुद्दाम रिच चालवावे लागते आणि इंधन वाचविण्यासाठी काही इंजिने मुद्दाम लीन चालविली जाऊ लागली. टोयोटाने १९८४ मध्ये कॅरिना मोटारीत लीन मिश्रणाचा संवेदक वापरला. अशा ठिकाणी 'किती' या प्रश्नाचे उत्तर हवे होते.

ते उत्तर एका युक्तीने मिळाले. नेर्न्स्ट घटाच्या शेजारी झिर्कोनियाचाच दुसरा घट ठेवून त्यातून प्रवाह सोडला, तर प्राणवायू पंपासारखा ओढता येतो. दोन्ही घटांच्या मध्ये एक सूक्ष्म पोकळी असते आणि एक्झॉस्टचा वायू छिद्रिल अडथळ्यातून तीत झिरपतो. नेर्न्स्ट घटाचा दाब नेहमी ०.४५ व्होल्ट राहील, म्हणजे पोकळीतील मिश्रण नेहमी समतोल राहील, अशा रीतीने नियंत्रक पंपाचा प्रवाह बदलत राहतो. लीन मिश्रण असल्यास प्राणवायू बाहेर काढावा लागतो, रिच असल्यास आत आणावा लागतो. हे संतुलन राखण्यासाठी लागणारा प्रवाह हेच माप होय. व्यापाऱ्याच्या तागडीशी याची तुलना करता येईल : काटा मध्यावर आणण्यासाठी किती वजने टाकावी लागली, यावरून मालाचे वजन कळते. होंडाने १९९२ च्या सिव्हिक व्हीएक्स मोटारीत असा संवेदक वापरला आणि १९९० च्या दशकात बॉशचे वाइडबँड संवेदकही आले. मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्यामुळे ते पुढे लहान कार्यशाळांच्या आवाक्यात आले.

जोडणीतील तपशील

वाइडबँड संवेदकाच्या जोडणीत या इतिहासाच्या खुणा स्पष्ट दिसतात. तापवल्याशिवाय काम न करणारी नेर्न्स्टची कांडी येथे हीटरच्या दोन तारांच्या रूपाने उपस्थित आहे. उरलेल्या तारा पंप घट, नेर्न्स्ट घट आणि दोहोंचा सामाईक बिंदू यांच्यासाठी असतात. बॉशच्या प्रचलित संवेदकांच्या जोडपट्टीत, म्हणजे कनेक्टरमध्ये, एक लहान रोधकही असतो. कोणतेही दोन संवेदक तंतोतंत सारखे नसल्यामुळे प्रत्येकाची चाचणी घेऊन त्याच्या रोधकाचे मूल्य कारखान्यात ठरविले जाते. तार कमी पडते म्हणून मूळ कनेक्टर कापून टाकणारा कारागीर नकळत त्या संवेदकाचे अंशशोधनच कापून टाकतो.

बसविण्याच्या जागेलाही महत्त्व आहे. संवेदकाचे टोक खाली झुकलेले असावे, अन्यथा साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येऊन त्यास तडा जातो. त्याच कारणासाठी थंड इंजिन सुरू होताना हीटर हळूहळू तापविला जातो. वाढलेल्या दाबाने पंपाचा प्रवाह बदलतो, म्हणून टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात संवेदक टर्बाइनच्या पुढील भागात, कमी दाबाच्या जागी बसवितात. नियंत्रक आणि इंजिनाचा संगणक यांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असेल तर थोड्याशा दाबफरकानेही एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा आकडा दिसतो.

अंशशोधन : हवा हाच दाखला

अंशशोधनाची रूढ पद्धत साधी आहे. संवेदक नळीतून बाहेर काढून मोकळ्या हवेत पूर्ण तापू द्यावा आणि त्या वेळचा प्रवाह २०.९ टक्के प्राणवायूचा प्रवाह म्हणून नियंत्रकाला कळवावा. बॉशच्या ४.९ या श्रेणीत तो सुमारे अडीच मिलिअँपिअर असतो. समतोल बिंदूवर प्रवाह शून्यच असतो. म्हणजे शून्य निसर्गनियमाने मिळते आणि दुसरे टोक हवेने मिळते. जुन्या ४.२ श्रेणीत संदर्भाची हवा बाहेरून आत घेतली जात असे. ती दूषित झाली की माप बिघडत असे. ४.९ श्रेणीत संदर्भाचा प्राणवायू संवेदक स्वतःच पंप करून तयार करतो. त्यामुळे हा दोष दूर झाला, मात्र जुना होत जाणारा संवेदक तपासण्याची गरज संपली नाही.

मोकळी हवा म्हणजे कोणती, हा प्रश्नही गौण नाही. पेट्रोलच्या वाफा भरलेली बंद कार्यशाळा हा योग्य संदर्भ नव्हे. २०.९ हा आकडा कोरड्या हवेचा आहे. मुंबईसारख्या किनाऱ्यावरील शहरात पावसाळ्यात ३० अंश तापमानाची हवा बाष्पाने पूर्ण संपृक्त असेल, तर तीत प्राणवायूचा वाटा सुमारे २०.१ टक्के उरतो. शिवाय हवेतील अंशशोधन केवळ लीन बाजूचे टोक तपासते. पूर्ण शक्तीचे ट्यूनिंग ज्या रिच बाजूवर होते, तिची प्रत्यक्ष परीक्षा त्यातून होत नाही.

अचूक अंशशोधन झालेला संवेदकही फसवू शकतो. संवेदकाच्या आधीच्या सांध्यातून हवा आत येत असेल, तर तो मिश्रण लीन असल्याचे सांगतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी चुकली, तर न वापरलेला प्राणवायू बाहेर येतो आणि न जळलेले पेट्रोल सोबत असूनही आकडा लीनकडे झुकतो. आकडा पाहून पेट्रोल वाढविणारा कारागीर अशा वेळी दोष वाढवीत असतो.

भारतीय संदर्भ

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच वेळी तेथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. फेब्रुवारी २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. शिसे संवेदकालाही मारक असल्यामुळे ही पूर्वतयारी आवश्यक होती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानक देशभर लागू झाले आणि फ्युएल इंजेक्शनसह प्राणवायूचा संवेदक साध्या दुचाकीतही पोहोचला. हे संवेदक बहुधा निवाडा देणारेच आहेत. दुचाकींच्या बाबतीत वाइडबँड संवेदक प्रामुख्याने विकास व ट्यूनिंगच्या कामात वापरला जातो.

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल विक्रीस आले. ज्या इथेनॉलचा काही भाग महाराष्ट्रातील उसापासून येतो, त्या इथेनॉलने एक जुना गोंधळ उघड केला आहे. शुद्ध इथेनॉलचे समतोल प्रमाण ९ आहे, त्यामुळे या मिश्र इंधनाचे सुमारे १३.५ होते. संवेदक इंधन ओळखत नाही. तो लॅम्डा मोजतो आणि यंत्र त्यास ठरावीक संख्येने गुणते. १४.७ दाखविणाऱ्या मापकाच्या इंजिनात अशा वेळी एक किलो इंधनामागे प्रत्यक्षात १३.५ किलो हवाच जात असते. म्हणून ट्यूनिंगच्या नोंदी लॅम्डामध्ये ठेवणे आणि सोबत इंधन व अंशशोधनाची तारीख लिहिणे अधिक शास्त्रीय ठरते.

निष्कर्ष

नेर्न्स्टच्या दिव्यातील कांडीला वॅग्नर यांच्या सिद्धांताने अर्थ दिला, लॉस एंजेलिसच्या धुरक्याने गरज दिली आणि कायद्याने बाजारपेठ दिली. निवाड्याकडून मापाकडे झालेला प्रवास तंत्रज्ञानाची प्रगती दर्शवितो, परंतु त्यामुळे मापन करणाऱ्याची जबाबदारी कमी झाली नाही, उलट वाढली. प्लगचा रंग पाहणाऱ्या कारागिराला आपण अंदाज करीत आहोत याची जाणीव असे. दशांश चिन्हासह दिसणारा आकडा ती जाणीव झाकून टाकतो. ती पुन्हा जागी करण्याचे काम अंशशोधन करते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांत हा संवेदक शिकविताना जोडणीच्या आकृतीबरोबर संदर्भाचा हा इतिहासही शिकविला जावा. ज्या हवेचे रक्षण करण्यासाठी हे उपकरण निर्माण झाले, तीच हवा त्याच्या खरेपणाची साक्षीदार आहे. म्हणून संवेदकाच्या आकड्याचा अर्थ लावण्यापूर्वी त्याने कोणत्या हवेशी तुलना केली, हे विचारणे अगत्याचे आहे.